बाटली खाली ठेवा, मग गाडी काढा

आपल्याकडे सहल कशी ठरते ते पाहा. कुठं जायचं ते सगळ्यांत शेवटी ठरतं. गाडी कोणाची ते मधात ठरतं. "माल कोण आणते बे?" हे मात्र पहिल्याच फोनवर पक्कं होतं. हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका खात्यातली पोरं असोत, वानाडोंगरीच्या कॉलेजातले जुने वर्गमित्र असोत की डिगडोहमधले शेजारी असोत, क्रम हाच.

मग झिल्पीचा तलाव काय, चिखलदरा काय, पचमढी काय आणि गोवा काय! संध्याकाळचे सात वाजले की सगळी ठिकाणं सारखी होतात. चटई, प्लास्टिकचे ग्लास, शेंगदाणे, चिरलेला कांदा आणि दर वर्षी सांगितलेले तेच किस्से. बाहेर दरी आहे की समुद्र, याचा आत बसलेल्यांशी संबंध उरत नाही. एवढंच करायचं होतं तर शेकडो किलोमीटरचं पेट्रोल जाळलं कशाला? हे काम घराच्या गच्चीवरही झालं असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. दारूशिवाय सहल आपल्याला जमत नाही, हे साफ खोटं आहे. ती आपल्याला उत्तम जमते. ज्या प्रवासाला काही कारण असतं, त्यात आपल्या माणसांना बाटलीची आठवणही येत नाही. ती शिरते ती रिकाम्या संध्याकाळी. म्हणून भांडण बाटलीशी करण्याआधी त्या रिकाम्या संध्याकाळशी करावं लागेल.

हीच माणसं, हीच पचमढी

श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची यात्रा असते. सातपुड्यात, पचमढीजवळ. त्या दिवसांत एसटी नागपूरहून जादा गाड्या सोडते. आपल्या भागातले लोक पाठीवर पिशवी टाकून निघतात. वरून पाऊस, खाली निसरडी वाट, मध्ये लोखंडी शिड्या. विदर्भातली मंडळं वाटेत मंडप टाकून येईल त्याला जेवू घालतात. सासऱ्यापासून नातवापर्यंत सगळे चालतात, दमतात, ओल्या कपड्यांनी झोपतात आणि परत आल्यावर महिनाभर त्याच गोष्टी सांगतात. ही तीच पचमढी, जिथं एरवी खोली मिळाली की आधी बर्फ मागवला जातो. डोंगर तेच, माणसंही पुष्कळदा तीच. मग दारूशिवाय मजा येत नाही म्हणता, ते कशाच्या आधारावर?

दसऱ्याला दीक्षाभूमीवर या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच नागपुरात जनसमुदायाला ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तेव्हापासून देशभरातून कुटुंबंच्या कुटुंबं इथं येतात. रेल्वेच्या गर्दीत रात्र काढून येतात, रस्त्याकडेला जेवतात, रात्री मैदानात अंग टाकतात आणि जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. एवढ्या मोठ्या मेळ्यातून माणसं पुस्तकं विकत घेऊन घरी परततात, ही नागपूरनं अभिमानानं सांगावी अशी गोष्ट आहे.

शेगावहून गजानन महाराजांची पालखी महिनाभराहून अधिक काळ पायी चालून पंढरपूरला पोहोचते. गळ्यात तुळशीची माळ घातली की वारकरी दारूला शिवत नाही. आणि गाडगेबाबा आठवा. पंढरपूर, आळंदी, नाशिक इथं गरीब प्रवाशांसाठी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि गावोगावच्या कीर्तनांत दारूवर कोरडे ओढले. प्रवाशाच्या डोक्यावर छप्पर घालणारा माणूसच दारूचा कडवा विरोधक होता. त्या माणसाला प्रवासातलं सुख कळत नव्हतं, असं कोणी म्हणू शकेल?

"ते देवाधर्माचं झालं भाऊ, सुट्टीचं वेगळं," असं उत्तर येईल. वेगळं काय आहे ते नीट बघू. त्या प्रवासात पहाटे उठायचं असतं. चालायचं असतं. कोणाला तरी भेटायचं असतं. रात्री थकून पडायचं असतं. दिवसाला काम असतं आणि संध्याकाळलाही. आपली सहल दुपारी चारला खोलीवर येते आणि दुसऱ्या दिवशी दहाला बाहेर पडते. मधल्या १८ तासांत काय करायचं, हे कोणी ठरवलेलंच नसतं. ती जागा बाटली भरते. श्रद्धा नसलेल्या माणसालाही दिवस भरता येतो. त्यासाठी माळ घालावी लागत नाही, बेत नीट आखावा लागतो.

शेजारचा जिल्हा

हिंगण्याच्या माणसाला कोरडी सहल करून पाहायची असेल तर लांब जायची गरज नाही. समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातल्या शिवमडक्याहून सुटतो आणि ७०१ किलोमीटरवर ठाणे जिल्ह्यातल्या आमण्याला टेकतो. त्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात वर्धा जिल्हा येतो. वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गांधीजी आणि विनोबा यांच्या वास्तव्यामुळे ती झाली.

एक दिवस असा काढून पाहा. आपल्या तालुक्याला लागूनच बोरचं जंगल आहे. सुमारे १३८ चौरस किलोमीटरचं, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. २०१४ साली त्याला हा दर्जा मिळाला. सफारी पहाटेची घ्या. रात्री दोनपर्यंत बसलेला माणूस त्या वेळी उठूच शकत नाही, आणि उठला तरी जिप्सीत डुलक्या घेतो. वाघ दिसणं नशिबात असेल तर दिसेल. पण सागाच्या जंगलातला पहाटेचा गारवा, धरणावरचे पक्षी आणि भेकराचा इशारा अनुभवायला शुद्धीत तर असलं पाहिजे.

तिथून केळझरच्या गणपतीला या. मग पवनार. धाम नदीच्या काठावर विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथल्या बहिणी आपली शेती, आपला स्वयंपाक, आपलं सगळं काम स्वतः करतात. नदीच्या खडकावर तासभर बसा. पुढं सेवाग्राम. १९३६ साली गांधीजी सेगावात राहायला आले, त्याच गावाचं सेवाग्राम झालं. माती, बांबू आणि कौलांच्या त्या कुटीतून देशाचं राजकारण चालत होतं. ती जागा पोरांना दाखवा. वर्ध्यात मगन संग्रहालय आहे, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं. लक्ष्मीनारायण मंदिर आहे, जमनालाल बजाजांनी १९२८ साली दलितांसाठी खुलं केलेलं. येताना गोरस भांडारातून गोरसपाक घ्या. एवढं केल्यावर संध्याकाळी कोणाला बाटली आठवली तर मला कळवा.

यातलं एक कडू सत्यही सांगायला हवं. वर्ध्यात दारू मिळतच नाही, असं कोणी समजू नये. चोरून येते, पकडली जाते, पुन्हा येते. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तिथंही गावागावातल्या बायकांना पहारा द्यावा लागतो. चंद्रपुरात बंदी यावी म्हणून २०१० च्या डिसेंबरात हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत आल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. बायकांनी पायांनी मिळवलेलं एका निर्णयानं गेलं. तिकडे मध्य प्रदेशानं १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, तापीच्या उगमाचं मुलताई अशा १९ धार्मिक ठिकाणी दारूची दुकानं बंद केली. ते चांगलंच झालं. पण गाडीच्या डिकीत ठेवलेली बाटली कुठलाही कायदा रोज तपासू शकत नाही. सहल कोरडी ठेवणं हे बेत ठरवणाऱ्याचं काम आहे. ते सरकारवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही.

स्टिअरिंगवर कोण आहे?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश सापडला की गुन्हा होतो. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी ढाब्यावरून निघताना "मी ठीक आहे बे, आण चावी" हे वाक्य बोललं जातंच.

त्याच्यापेक्षा धोकादायक गोष्ट सकाळची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. यकृत दारू आपल्या वेगानं संपवतं. एका पेगला साधारण तासभर तरी लागतोच. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी, यांतल्या कशानंही तो वेग वाढत नाही. रात्री दोनपर्यंत पिऊन सकाळी सहाला गाडी काढणारा माणूस आंघोळ केलेला असतो, कपडे बदललेला असतो आणि तरी प्यालेलाच असतो. मागं त्याची बायको-पोरं निर्धास्त झोपलेली असतात.

१ जुलै २०२३ ची पहाट विदर्भ विसरलेला नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली आणि २५ जण गेले. चालकाच्या रक्तात मद्यांश आढळल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल पुढं आला. आपल्या गाडीत २५ माणसं नसतात, चार-पाचच असतात. ती चार-पाच माणसं कमी मोलाची आहेत का?

पाण्याचंही तेच. तलावावर बसून प्यायचं आणि मग अंगात आल्यावर पाण्यात उतरायचं, हा प्रकार दर उन्हाळ्यात, दर पावसाळ्यात चालतो. दारूनं तोल जातो, अंदाज चुकतो, भीती मरते. तलावाचा गाळ आणि खड्डे मात्र तिथंच असतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढं जातो. त्या उन्हात दारू अंगातलं पाणी आणखी काढून टाकते. आणि चिखलदऱ्याच्या थंडीत ऊब येते म्हणून घेणाऱ्यांनी हेही ऐकावं: दारूनं त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर पळत असते. थंडीला स्वेटर लागतो.

फुटलेल्या बाटल्या हा वेगळाच गुन्हा आहे. तलावाकाठी काच फोडून जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तिथं अनवाणी खेळणारं पोर दिसत नाही, पाण्यावर येणारी गुरं दिसत नाहीत. आपण पाहुणे म्हणून गेलो होतो, एवढी तरी लाज ठेवा.

वर्गणी सारखी, सहल कोणाची?

आता हिशोब. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं दारूवरचं शुल्क वाढवलं. विदेशी मद्याच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत २०५ रुपये झाली, उंची मद्याची ३६०. या वाढीतून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा येतील असा सरकारचा अंदाज होता. सहा मित्र, दोन रात्री, माणशी रोज एकच क्वार्टर धरा. २०५ च्या भावानं २,४६० रुपये झाले. सोडा, बर्फ, चखना आणि रिसॉर्टचा चढा भाव वेगळा. आणि एका क्वार्टरवर कोण थांबतं?

हा खर्च जातो वर्गणीत. वर्गणी सगळ्यांना सारखी. न पिणारा थम्सअप पितो आणि दुसऱ्याच्या व्हिस्कीचे पैसे भरतो. वर गाडीही त्यानंच चालवायची, ओकणाऱ्याला त्यानंच धरायचं, खोलीच्या मालकाशी त्यानंच बोलायचं. आणि सकाळी सगळे झोपलेले असताना एकट्यानं सूर्योदय पाहायचा. एवढं करूनही ऐकायचं काय, तर "हा काय बे, मजाच घालवते."

मजा कोण घालवतं ते सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी १३.९ टक्क्यांनी दारू घेतो असं सांगितलं, आणि बायकांपैकी ०.४ टक्के. लपवाछपवी धरून हा आकडा दुप्पट केला तरी न पिणारे पुरुष ७० टक्क्यांहून जास्त उरतात. म्हणजे या महाराष्ट्रात न पिणाराच सर्वसाधारण माणूस आहे. तरी प्रत्येक गटात तो अपराध्यासारखा कोपऱ्यात बसतो, कारण पिणारे आवाज चढवतात आणि न पिणारे गप्प राहतात. संख्येनं मोठे असून इतकं दबून राहण्याचं काहीच कारण नाही.

न पिणाऱ्यांनी म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पहिली, दारूचा हिशोब वर्गणीतून बाहेर काढायला लावावा. मैत्री त्यानं तुटत नाही, आणि तुटली तर ती मैत्री नव्हतीच. दुसरी, "माझी गोळी सुरू आहे", "आज गुरुवार आहे" असली कारणं देणं बंद करावं. कारण दिलं की समोरचा ते खोडतो. "मी घेत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. ते एकदा स्पष्ट आवाजात सांगावं आणि विषय बदलावा.

अहो, जरा बाहेर या

सगळ्यांत मोठा अन्याय कुटुंबाच्या सहलीत होतो. चार जोडपी आणि पोरं मिळून दोन दिवसांसाठी जातात. संध्याकाळ झाली की पुरुष एका खोलीत "बसतात". बायका दुसऱ्या खोलीत. मध्ये मध्ये निरोप येतो: पापड भाजून दे, कांदा चिरून दे, पोरं का ओरडताहेत? वर्षभर घर सांभाळणाऱ्या बाईला वर्षातून मिळालेल्या दोन संध्याकाळी तिथंही चखना तळण्यात आणि पोरं झोपवण्यात जातात. नवऱ्याच्या सोबत टेकडीवर जाऊन चार घटका बसावं, एवढीच तिची इच्छा असते. ती दार ढकलून म्हणते, "अहो, जरा बाहेर या ना, चांदणं पडलं आहे." आतून उत्तर येतं, "आलो, हा संपवून."

पाहणीतला ०.४ चा आकडा इथं पुन्हा वाचा. कुटुंबाच्या सहलीतली दारू ही जवळजवळ पूर्णपणे पुरुषांची चैन आहे आणि तिचं काम बायकांवर पडतं. पैसे घरातले, सुट्टी घरातली, मजा मात्र एकाच खोलीतली. आणि पोरं सगळं पाहतात. मोठं झालं की मित्रांबरोबर जायचं आणि हेच करायचं, हा धडा ती बापाकडून घेतात. नंतर कॉलेजच्या पहिल्या सहलीत पोरगा पिऊन पडला म्हणून मारण्यात अर्थ नाही.

ज्यानं सोडली त्याच्यासाठी

प्रत्येक मित्रमंडळात एक जण असा असतो, ज्यानं मोठ्या मुश्किलीनं दारू सोडली आहे. त्याला सहलीला बोलावतात आणि तिथं म्हणतात, "आता इतके दिवस झाले, एक बिअर तं घे." हे म्हणणाऱ्याला आपण काय करतो आहोत याची कल्पना नसते. व्यसन हा आजार आहे. सोडलेल्या माणसाला "थोडीशी" हा पर्यायच नसतो. एका घोटानं त्याची सगळी मेहनत पाण्यात जाऊ शकते, आणि ती मेहनत त्याच्या एकट्याची नसते. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथल्या कामातून महाराष्ट्रानं एक गोष्ट शिकायला हवी होती: दारू सुटल्यानंतरचं आयुष्य रोज सांभाळावं लागतं, आणि त्यात मित्रांचा वाटा मोठा असतो.

असा मित्र बरोबर असेल तर अख्खी सहल कोरडी ठेवा. त्याच्यापुढं पिऊन "तू आपला सोडा घे" म्हणणं ही सोबत होत नाही. बिनअल्कोहोलची बिअरही त्याच्या हातात देऊ नका. चव आणि वास जुनी ओढ जागी करतात. तो कुठं बाहेर गेला आणि मन डळमळलं, तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा नागपूरसह देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांत होतात, आणि त्या विनामूल्य असतात. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. निघण्याआधी हा क्रमांक मोबाईलमध्ये टाकून ठेवा. त्याच्याही आणि तुमच्याही.

"थोडी घेतली तर काय होते" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच दारूला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. २०२३ मध्ये संघटनेनं स्पष्ट सांगितलं, की दारूचं निर्धोक म्हणावं असं प्रमाण नाही. आपल्या घरी कोणी काय करावं हे ज्याचं त्यानं ठरवावं. सहल मात्र एकट्याची नसते.

संध्याकाळला काम द्या

आता उपाय. तो आपल्या जवळच पडला आहे.

रोडगे करा. गोवऱ्यांचा विस्तव पेटवायचा, कणकेचे रोडगे भाजायचे, मोठ्या पातेल्यात वांग्याची तिखट भाजी आणि वरण शिजवायचं. यात किमान तीन तास जातात आणि प्रत्येकाला काम लागतं. एक जण कणीक मळतो, एक विस्तव सांभाळतो, एक वांगी चिरतो, पोरं गोवऱ्या आणून देतात. तूप घालून चुरलेला रोडगा पोटभर खाल्ल्यावर माणूस सरळ झोपतो. हे काम पुरुषांनी करायचं आणि बायकांनी त्या दिवशी चांदणं पाहायचं, एवढा बदल मात्र करावा.

कार्तिकात आवळीभोजनाला जा. झाडाखाली डबे उघडून एकमेकांना वाढणं ही आपली जुनीच सहल आहे. कोजागिरीला आटवलेलं दूध घेऊन गच्चीवर रात्र जागवणारी माणसं आपणच. हिवाळ्यात कुणाच्या शेतात ज्वारी असेल तर हुरडा भाजा. उन्हाळ्यात पन्हं, मठ्ठा, रसवंतीचा रस. संत्र्याच्या दिवसांत तर नागपूरच्या माणसानं प्यायला काय घ्यावं हा प्रश्नच पडू नये.

आणि बेत आखताना काही नियम पाळा. बाटली येणार नाही हे निघण्याआधी सांगा. तिथं पोहोचल्यावर सांगितलं तर भांडण होतं. निघायची वेळ पहाटेची ठेवा, म्हणजे आदल्या रात्री कोणी बसणार नाही. संध्याकाळी चार ते दहा काय करायचं ते कागदावर लिहा: चालणं, स्वयंपाक, मेंढीकोटचा डाव, गाणी, आकाश पाहणं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा काहीतरी ठेवा, ज्यासाठी उठावंच लागेल. खोली घेताना खिडकीतून काय दिसतं ते विचारा. ज्याला अजिबात राहवत नाही, त्याला प्रेमानं सांगा की या वेळी तू येऊ नको, पुढच्या वेळी ये.

कंपन्यांनाही एक सांगणं आहे. हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांतून कामगारांची, विक्रेत्यांची सहल निघते आणि संध्याकाळच्या पार्टीत दारू धरलेली असते. नव्यानं लागलेला पोरगा साहेबासमोर नाही म्हणू शकत नाही. तिथं सक्ती कोणी बोलून दाखवत नाही, पण ती असते. त्याच पैशात कामगारांच्या घरच्या माणसांना बरोबर न्या. एक दिवस बोर, एक दिवस सेवाग्राम. बायको-पोरांसह गेलेला कामगार ती सहल जन्मभर सांगेल.

२० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी येते. अकरा दिवसांनी ३१ डिसेंबर येतो आणि अख्ख्या नागपुरात पोलिस नाक्यानाक्यावर तोंडाचा वास घेत उभे राहतात. त्या पोलिसांनाही घरी पोरं आहेत. यंदा त्यांचं थोडं काम कमी करा.

नोकरी करणाऱ्या माणसाच्या हातात वर्षाकाठी मोजक्या सुट्ट्या येतात. त्यातली रात्र धुंदीत आणि सकाळ डोकेदुखीत गेली तर सुट्टी घेतलीच कशाला? म्हणून पुढच्या सहलीचा निरोप तुम्हीच धाडा. निघायचं पहाटे पाचला, जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी, बाटली कोणी आणायची नाही. येतील त्यांना सोबत घ्या. न येणाऱ्यांसाठी गाडी थांबवू नका.